झालं म्हणायचं राहिलं

हवेचा नमुना घ्यायचा म्हणजे आधी दम धरायचा. सारी-बेल खिंडीत हे कुणी कुणाला शिकवत बसत नाही. माणसाच्या उच्छ्वासात तिथल्या हवेच्या शंभरपट कार्बन असतो. बाटलीपाशी नुसता सुस्कारा टाकलात तरी मेहनत पाण्यात. म्हणून दुरूनच छाती भरून घ्यायची, ओठ मिटायचे, वाऱ्याकडे तोंड करून निर्वात केलेली बाटली पुढे धरायची आणि तोटी उघडायची. हवा आपोआप आत शिरते. तोटी बंद केली की ती धरणारा म्हणतो, "झालं." त्यानंतरही जोडीदाराने लगेच सुटायचं नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक काळा दगड आहे, तिथवर चालत जायचं आणि मगच श्वास सोडायचा.

हा दगडाचा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. तो सागिनने घालून दिलेला. बुरुल त्याची बायको आणि खिंडीतल्या हवा मोजण्याच्या केंद्रातली जोडीदारही. तोटी त्याच्या हातात असली की हा माणूस मुद्दाम "झालं" म्हणायला उशीर करायचा. बुरुलचा चेहरा लालबुंद व्हायचा, आणि दगडापाशी पोचल्यावर ती त्याला बुक्के घालायची.

"मेल्या, मारतोस की काय एखाद दिवशी!"

"म्हातारे, दम आहे की अजून. आणखी दोन पोरं झाली असती."

मागच्या हिवाळ्यात सागिन गेला. गेला म्हणजे काय, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. बुरुल तेव्हा खाली गावात होती. सासू कुमुश तापाने फणफणली होती. राजधानीतून, बिश्केकहून मेलिसचा फोन आला. मेलिस म्हणजे या केंद्रांचा साहेब. दुपारी उपग्रह डोक्यावरून जाणार, तो वरून हवा मोजणार, त्याच वेळी जमिनीवरचा नमुना हवा, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतील. खिंडीत हिमवादळ चालू होतं. सागिन म्हणाला, दिसत नाही हो काही. मेलिस म्हणाला, खंड पडता कामा नये.

ढगातून उपग्रहाला हवा मोजता येत नाही. हे सागिनला माहीत होतं, मेलिसला माहीत होतं, केंद्रावर चहा करणाऱ्यालाही माहीत असतं. त्या दिवशी उपग्रह आला आणि आंधळ्यासारखा वरून निघून गेला. माणूस मात्र बाहेर पडला होता. शोधायला गेलेल्यांना बाटली सापडली, दगडांच्या खोबणीत नीट उभी ठेवलेली, तोटी घट्ट बंद. सागिन सापडला नाही. मेलिसने बाटली मागवून घेतली, तिचा आकडा अहवालात घातला आणि खाली दोन ओळींचा शोक लिहिला. त्या दोन ओळींचं बुरुलने काय करायचं होतं, चुलीत घालायच्या?

प्रेत नाही म्हणून दारात सुतकाचा तंबू उभारला नाही, बायकांनी गळा काढला नाही. मेलेल्यासाठी दर शुक्रवारी तेलात भाकऱ्या तळायच्या, त्यांचा वास वर जातो आणि त्यावर मेलेल्याचं पोट भरतं. कुमुशने कढई चुलीवर ठेवलीच नाही. दर शुक्रवारी ती सुनेला एकच विचारायची.

"पीठ मळू का?"

"नको, एने," सासूला आई म्हणत बुरुल सांगायची.

"मग जिवंत आहे म्हण."

बुरुल पाण्याची बादली उचलून बाहेर पडायची.

बर्फ वितळलं आणि केंद्रातली रेघ बिघडली. बाहेर उंच लोखंडी मनोरा आहे, त्याच्या टोकाला नळीचं तोंड. नळी हवा ओढते, आतलं यंत्र कार्बन मोजतं आणि पडद्यावर रेघ काढतं. खिंडीतली रेघ संथ असते. आता ती चढायला-उतरायला लागली. छोट्या छोट्या उंचवट्यांची माळ. बुरुलने नळी बदलली, सांधे आवळले, मनोऱ्यावर चढून पाखरांचं घरटं शोधलं. घरटं नव्हतं. मेंढरं अजून वर आली नव्हती. यंत्राला बंद बाटलीतली हवा पाजली तर रेघ सरळ. नळी पुन्हा मनोऱ्याला जोडली की उंचवटे.

दोन आखूड, एक लांब. पुन्हा दोन आखूड, एक लांब.

तिने पडदा झाकला आणि भांडी घासायला घेतली. मग हात पुसून परत आली. ही लय तिला ठाऊक होती. तरुणपणी सागिनच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, तेव्हापासून तो असाच श्वास घ्यायचा. तिने वीस वर्षं शेजारी पडून तो ऐकला होता, कधी वैतागून कोपरही मारलं होतं.

नमुने ती आता एकटीच घ्यायची. आत येऊन बघितलं, तर तोटी उघडी होती तेवढा वेळ रेघ सपाट. तोटी बंद करून सवयीने ती "झालं" म्हणायची, तिथून उंचवटे पुन्हा सुरू. एकदा थंडीने घसा बसला होता, तोंडातून शब्द फुटला नाही. रेघ सपाट राहिली. जेवण झालं, ऊन कलायला लागलं, तरी सपाट. बुरुलच्या एकाएकी लक्षात आलं, "झालं" म्हणायचं राहिलं. ती अनवाणी बाहेर धावली आणि मनोऱ्याकडे बघून बसक्या आवाजात म्हणाली, "झालं रे. झालं."

आत रेघेला एक केवढा तरी मोठा उंचवटा आला होता. मग दोन आखूड, एक लांब.

नियमाचा एवढा पक्का माणूस नळीला तोंड लावून श्वास का घेईल? बुरुलला एकच उत्तर सुचलं. कुणीतरी बघावं म्हणून. बिश्केकच्या लोकांना पडद्यावरच्या रेघेखेरीज दिसतं काय?

उन्हाळ्यात मेलिस आला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला धाप लागली.

"बुरुल, ही काय जत्रा लावलीयस रेघेवर? उपग्रहाचा आकडा एक, तुझा आकडा दुसरा."

"मनोऱ्यावर कुणीतरी श्वास घेतंय, मेलिस साहेब."

"कोण?"

"तुम्ही पाठवलं होतं तो."

मेलिसने खिशातली सिगारेट काढली, परत ठेवली. "उंचीवर डोकं हलकं होतं माणसाचं. हे बघ, मला रेघ स्वच्छ पाहिजे. नाहीतर केंद्र बंद, मनोरा मोडीत. मग बस खाली गावात लोकर विंचरत."

केंद्र बंद म्हणजे वर कुणी यायचं नाही. सागिन एकटाच राहणार.

दोघांनी मिळून नमुना घेतला. बुरुलने तोटी उघडली, मेलिसने गाल फुगवून दम धरला. तोटी बंद झाली. मेलिसने तिथेच भसकन श्वास सोडला, दगडाबिगडाचं त्याला काय. बुरुलने "झालं" म्हटलं नाही. ओठ घट्ट मिटून ती आत गेली.

रेघ सपाट होती. मेलिस चहा पिईपर्यंत सपाट, गाडीत बसेपर्यंत सपाट.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "सांधा ढिला असणार. उगाच भुतंखेतं."

त्या दिवसापासून बुरुलने मनोऱ्याखाली तोंड उघडलं नाही. नमुने घेत राहिली, शब्द गिळत राहिली. बिश्केकहून शाबासकी आली. जिवंतपणी ज्याला वादळात ढकललं, त्याचाच कोंडलेला दम आता त्यांना स्वच्छ आकडे देत होता, आणि तो कोंडून धरणारी ती होती. तिचा स्वतःचा श्वास पुरेनासा झाला. गावात चार पायऱ्या चढली तरी छाती भरून यायची.

वर्ष भरत आलं. त्या शुक्रवारी कुमुशने विचारलं, "पीठ मळू का?" आणि बुरुलने उंबऱ्यातच बसून सगळं सांगितलं.

म्हातारीने चुलीतली शेणी पुढे ढकलली.

"एवढे दिवस?" ती म्हणाली. "माझं पोर दम धरून उभं आहे, आणि तू घरी येऊन जेवतेस?"

"त्याचा दम सोडवला की रेघ बिघडणार. मनोरा पाडतील, एने. मग तो जाईल कुठे?"

"घोड्यावर बस. जा, सांग त्याला. मी कढई ठेवते."

बुरुल खिंडीत पोचली तेव्हा आभाळात बोटभरही ढग नव्हता. गाव दोन डोंगर खाली राहिलं होतं. ती मनोऱ्याखाली उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली.

आत जाऊन बघितलं. रेघ सपाट.

पुन्हा बाहेर आली. "सागिन, झालं!"

सपाट.

मग ती ओरडत राहिली, आवाज चिरेपर्यंत. घोडं बिचकून बाजूला झालं.

सपाट.

आत फोन वाजला. मेलिस होता. "आत्ताच उपग्रह गेला डोक्यावरून. आकाश आणि जमीन, आकड्याला आकडा जुळला बघ! अशी सुंदर रेघ मी जन्मात पाहिली नाही. अशीच ठेव."

बुरुलने फोन खाली ठेवला. उशीर झाला होता. बाहेर येऊन तिने मनोऱ्याकडे पाठ केली आणि पाय नेतील तशी चालू लागली. पाय जुन्या सवयीने वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेले. आपण दम धरलाय हे तिला काळ्या दगडापाशी पोचल्यावर कळलं.

तिने श्वास सोडला. गारठ्यात तोंडापुढे पांढरी वाफ उठली आणि विरली.

शेजारी, तिच्या डोक्याहून वीतभर उंच, आणखी एक वाफ उठली. दोन आखूड. मग एक लांब.

त्या वाफेला तेलात तळलेल्या भाकरीचा वास होता.