पाणमांजरांचा वाटा

पाहुण्याला हाक मारून पानावर बसवले आणि वाढण्याऐवजी त्याचा जीव घेतला, तर त्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

घाईने उत्तर देऊ नका. काशीराम कोळ्याला मी ओळखत होतो. दहिसरची नदी खाडीला मिळते, तिथे तेव्हा एक खोल डोह होता. काठाला तिवरांची दाटी होती आणि पाण्यात पाणमांजरे होती.

"काय सांगता गुरुजी! दहिसरला पाणमांजरं?"

होती, लहू. ही पाणमांजरे मासळी काठाकडे हाकत आणि कोळी जाळी टाकत. म्हणून पहिला वाटा त्यांचा. तो देण्याचा मान काशीरामच्या घराण्याचा. काठच्या दगडावर तो टोपली आपटी. मग शीळ घालत ती पिलांसह येत आणि त्याच्या पायाशी बसून खात. अन्नाची हाक ही देवाची हाक, असे त्याचे वडील सांगत.

सत्तर साली डोहात भराव टाकून चाळ बांधायचे ठरले. कंत्राटदार काशीरामला म्हणाला, "डोह तर जाणारच. त्या पाणमांजरांची कातडी मला दे, कोपऱ्याची खोली तुला."

त्या संध्याकाळी काशीरामने दगडावर टोपली आपटली. ती आली. पिलेही आली. टोपली रिकामी होती. तिवरांमागे माणसे दांडकी घेऊन उभी होती.

चाळ उभी राहिली. तो दगड नेमका त्याच्या खोलीच्या जमिनीखाली गाडला गेला.

पुढच्या वर्षीची पौषातली अमावास्या. दिवे लागल्यावर त्याची बायको मथुरा म्हणाली, "रॉकेल संपलंय, घेऊन या." तो गेला, डबा भरून निघाला. भरावाच्या रस्त्यावर वारा नव्हता. मागून शीळ आली. धाकटा भाऊ चंदर चिडवतोय, असे त्याला वाटले.

"कोण रे? चंदर, मस्करी नको हां!"

पुन्हा शीळ. जवळून. मग पायांखालून...

तो पळत घरी आला. कडी लावली.

"काय झालं? तोंड असं का पडलंय?"

"ऐक..."

जमिनीखाली ठक. दगडावर टोपली आपटावी तसे. थांबून पुन्हा, ठक...

"कोणाला बोलावतंय हे?" मथुराने विचारले.

काशीरामला कळले होते, हाक त्यालाच होती.

दिवा विझला. रात्रभर दोघे भिंतीला टेकून बसली.

पहाटे जमिनीवर पंजे उमटलेले. ओले. पडद्याच्या बोटांचे. दाराची कडी तशीच होती. काशीरामच्या पायाशी एक मासा ठेवला होता. ताजा. डोके खाल्लेले नव्हते, अंग फाडलेले नव्हते. वाटा काढून ठेवावा, तसा.

त्या दिवसापासून तो ज्या जाळ्याला हात लावी, ते रिकामे वर येई. भावाने काही दिवस पाहिले. मग एकदा होडीवर सगळ्यांच्या देखत तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादूस, जाल्याला हात नको लावूस." काशीराम मुकाट्याने उतरला. पुन्हा कोणी त्याला होडीवर घेतले नाही.

मरेपर्यंत त्याच्या घरी मासळी आली ती दिवसाला एकच. रोज पहाटे, पायाशी. मथुरा ती शिजवी. पोट त्याला मरू देत नव्हते. तो भिंतीकडे तोंड करून बसे, आणि खाई.