ताईची वाकी आणि न बोलणारे भाऊ

"संशयित क्रमांक एक," रेडिओ म्हणाला, "मांजर!"

"मांजर चांदी खात नाही," चिमटी म्हणाली.

"तू विचारलंस तिला?"

रेडिओ हा चिमटीचा मावसभाऊ. सकाळी एकदा सुरू झाला की झोपेतसुद्धा खरखरत राहायचा. त्याच्या मागे त्याची सात वर्षांची बहीण मुंगी. गोड जिथे, मुंगी तिथे. सुट्टी लागताच दोघं लग्नाला येऊन दाखल झाली होती. लग्न होतं चिमटीच्या ताईचं, परवावर आलेलं. घरात तेवीस माणसं होती. त्यातली बहुतेक सगळी चिमटीला "जरा बाजूला हो गं" एवढंच म्हणत होती. ताई म्हणत नव्हती, कारण ताईला दुसऱ्याच खोलीत बसवून ठेवलं होतं. तेविसावी चिमटी स्वतः.

आणि अशा भरल्या घरातून एक वाकी गायब झाली होती!

आई गेली तेव्हा चिमटी तीन वर्षांची होती. आईची चांदीची एकच वाकी मागे उरली होती. नवरी झाल्यावर ताई ती दंडात घालणार, हे कधीपासून ठरलेलं. तिला जोडीची दुसरी घडवावी आणि जुनीला पडलेला पोचा काढावा म्हणून बाबांनी ती कारागिरांकडे दिली. नवी काल वेळेवर आली. जुनी आलीच नाही!

"आईची वाकी दंडात चढल्याशिवाय मी या घरातून हलणार नाही," ताईने सांगून टाकलं. ताई बोलली म्हणजे संपलं. एकदा ती 'माझी दाढ दुखत नाही' म्हणाली होती, आणि दाढ पडेपर्यंत तेच म्हणत राहिली होती.

"संध्याकाळपर्यंत नाही मिळाली तर लग्न पुढे ढकलू," बाबा म्हणाले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच खाली बसले. चुकून मिठाईच्या खोक्यावर.

"आपण शोधू!" रेडिओ ओरडला. "चला कारागिरांच्या कारखान्यात!"

कारखाना म्हणजे एक अंधारी खोली. एकच लांब मेज, आणि मेजाच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन भाऊ. चार महिन्यांपूर्वी त्यांचं खिडकीवरून भांडण झालं होतं. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून थोरल्यांना खिडकी बंद हवी होती. उजेडासाठी धाकट्यांना उघडी हवी होती. थोरल्यांचं स्टूल खिडकीला चिकटून होतं, त्यामुळे ते जिंकले. तेव्हापासून अबोला!

"थोरले काका, आमची वाकी कुठंय?" चिमटीने विचारलं.

"मी पोचा काढला. पुढचं त्याला विचार."

"कोणाला?"

"बसलंय ते तिकडे."

चिमटी चार पावलं चालून दुसऱ्या टोकाला गेली. "धाकटे काका?"

"माझ्या हातात आलीच नाही. ज्याने घेतली त्याला विचार."

"तुम्हीच विचारा ना!" मुंगी म्हणाली.

"कोणाला?" दोघं एकदम म्हणाले. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

चिमटीने क्षणभर विचार केला आणि आपल्या हातातल्या वहीची दोन पानं टरकावली. "काका, आमची पैज लागलीय. तुमच्या दोघांत जास्त व्यवस्थित काम कोण करतं? काल दिवसभरात काय काय केलंत ते लिहून द्या. रेडिओ निकाल देईल."

दोन्ही भावांनी पेन्सिली अशा उचलल्या, जणू वर्षभर याच परीक्षेची वाट बघत होते!

ते लिहीत होते तोवर चिमटी मेज न्याहाळत राहिली. हातोड्यांवर धूळ, चिमट्यांवर धूळ, हिशेबाच्या वहीवर तर शेतीच करता आली असती. मध्ये काळ्या राळेचं जड भांडं होतं. राळ तापवली की मऊ होते, थंड झाली की दगड. तिच्यात दागिना रुतवून ठोकला की तो हलत नाही. चिमटी भांड्यावर वाकली. राळ काठोकाठ भरलेली होती आणि आरशासारखी चकचकत होती. धुळीचा कण नाही! आतून एक चेहरा चिमटीकडे बघत होता. दोन दिवसांत तिच्याकडे एवढं नीट बघणारं पहिलंच माणूस.

"लक्ष द्या!" रेडिओने पानं हातात घेतली. "थोरले काका लिहितात : 'जुनी वाकी तापवली. मऊ राळेत पालथी रुतवली. राळ निवल्यावर पोचा ठोकून काढला. वाकी राळेतच ठेवून जेवायला गेलो. आलो तर वाकी दिसेना. अर्थात त्यानेच उचलली.' आता धाकटे काका : 'कामावर आलो. राळेचं भांडं अर्धंच. निष्काळजीपणाचा कळस! नवी राळ वितळवून भांडं भरलं. अंधारात थोडी सांडली. सांडली याला खिडकी जबाबदार.'"

त्याने मान हलवली. "काहीच कळत नाही! दोघंही लबाड! चला, मांजराकडे!"

चिमटीला मात्र सगळं कळलं होतं.

 वाकी कुठे आहे हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. ती गप्प बसली तर संध्याकाळ होईल, लग्न पुढे जाईल, ताईची पेटी उघडून कपडे परत कपाटात लागतील. रात्री शेजारच्या पलंगावरून ताईचं घोरणं ऐकू येईल. ताई घोरत नाही असं ताईचं म्हणणं होतं. कोणालाही काही कळणार नाही. मांजरावरच आळ येईल, आणि मांजराला त्याचं काय!

"चिमटी, तुझं पोट दुखतंय का?" मुंगीने तिचा फ्रॉक ओढला.

चिमटीने भांड्यात पाहिलं. चेहरा अजून तिथेच होता. त्याच्या खाली, काळ्या अंधारात, आईची वाकी होती. एकटी.

"काका," ती म्हणाली, "भांडं तापवा."

पाच मिनिटांत राळ मऊ झाली. थोरल्यांनी चिमटा आत घातला, घुसळला आणि काहीतरी काळंकुट्ट वर काढलं.

"मिळाली!" रेडिओ किंचाळला. "मी म्हटलं नव्हतं!"

"अरे गाढवा!" थोरले भावाकडे वळून गरजले. "बघून ओतायचं ना!"

"उजेड होता का बघायला?" धाकटे गरजले.  चार महिन्यांनी एकमेकांशी बोलल्याचं मग दोघांच्याही लक्षात आलं. थोरले उठले, जरा घुटमळले आणि त्यांनी खिडकी उघडली. पाचही जणांना शिंका आल्या.

घरी एकच गलका झाला. "पोरगी आहे की गुप्तहेर!" मावशी म्हणाली. बाबांनी चिमटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. रेडिओने ही हकिगत अकरा वेळा सांगितली. सातव्या वेळी त्यात एक मगर आली.

लग्नाच्या दिवशी सकाळी ताईने चिमटीला आत बोलावलं आणि दार लावलं. "तूच शोधलीस? मला घालवायची एवढी घाई?"

चिमटी वाकी फ्रॉकच्या टोकाने पुसायला लागली. 

ताईने दंड पुढे केला. चिमटीने आईची वाकी चढवली आणि फिरकी घट्ट पिळली. मग सासरच्या लांबच्या प्रवासात दंड दुखू नये म्हणून अर्धा वेढा सैल केली.