उतरलेला पारा

कोयनेच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात वामनराव परांजपे संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आले. तिथे जमिनीखालून एक जुनी भेग जाते. तिच्यावरच्या गावांत अधूनमधून फळीवरची भांडी वाजत. भेगेच्या कडेने खोल बोअर घेऊन आतली उष्णता मोजायची, एवढंच काम. पहिलं बोअर गावातल्या महादेवरावांच्या शेतात झालं. कोरडंच निघालं.

तारेच्या टोकाला पितळी नळी, आत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर. तापाच्या थर्मामीटरसारखाच, चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. सकाळच्या गारठ्यात तो झटकून अठरावर आणायचा आणि नळी सोडायची. पहिल्यांदा वर आली तेव्हा तीस अंश होते, हिशेबाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी पारा अठरावरच. तिसऱ्या दिवशीही.

नळी वर घेऊन उघडायचा तो गफ्फार, गावातलाच, वामनरावांच्या वडिलांच्या वयाचा. त्यानेच पारा झटकला असणार. वामनरावांनी त्याला सगळ्या मजुरांसमोर खोटारडा म्हटलं. त्याची बायको बिस्मिल्ला भाकर घेऊन आली होती. तिने पदर तोंडावर ओढला.

"म्या हात नाई लावला, साहेब," गफ्फार म्हणाला आणि तिच्या मागोमाग घरी गेला.

दुसऱ्या सकाळी वामनरावांनी नळीला स्वतः लाखेची मोहोर केली, स्वतः सोडली, स्वतः ओढली. मोहोर शाबूत होती. पारा अठरावर.

ते बराच वेळ शेताच्या धुऱ्यावर बसून राहिले. मग गफ्फारच्या दारात गेले. बिस्मिल्ला समोर आल्यावर त्यांची मान वर होईना. खालीच बघत त्यांनी चूक कबूल केली. गफ्फार एवढंच म्हणाला, "चाय घ्या." वामनरावांनी कप हातात घेतला.

"माझ्याबरोबर येता का?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच ते त्याला अहोजाहो करत होते. ते दोघांच्याही लक्षात आलं.

नळीला पुन्हा मोहोर करून झाली. गफ्फारने रहाट धरला. वामनरावांनी तारेवर बोटं ठेवली. नळी तळाला टेकली.

तार हलली.

झटका. थांबून पुन्हा झटका. दवाखान्यात कंपाउंडर मनगटाने देतो तसा.

मग काहीच नाही.

नळी वर आली. मोहोर शाबूत. पारा साडेएकोणचाळीसवर, म्हणजे तापाच्या थर्मामीटरवर एकशे तीन. काचेचं टोक तेवढं ओलं होतं. बाकीचा कापूस कोरडा.

वामनरावांनी ते रुमालाने पुसलं आणि बोअर बुजवायला सांगितलं.

"आतमंदी कोनी बिमार हाये, साहेब," गफ्फार हळूच म्हणाला.

"अहवालात तसं लिहिता येत नाही, गफ्फारभाई."

गफ्फारने घमेल्याला हात लावला नाही. त्याला पुन्हा सांगायचं वामनरावांना धाडस झालं नाही. त्यांनी स्वतःच मुरूम उचलला, तोंड फिरवलं आणि ओतला.

तो तळाला पडल्याचा आवाज आला.

त्यानंतर खालून कोणीतरी खोकलं. अगदी दबून, वर कोणाला त्रास नको, म्हणून तोंडावर हात धरून खोकावं तसं.