रागावेल तो हरला

काफुए नदीत पाणघोडा दिसतो तेव्हा फारसं भिऊ नये. दिसेनासा झाला की भ्यावं.

मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा चटके सोसत, गरम असतानाच खावा. गार झाला की त्याची वीट होते.

फार पूर्वी बेम्बा आणि न्गोनी या जमातींचे लोक लढले. लढून दमले आणि चेष्टेचे सोयरे झाले. तेव्हापासून त्यांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं. रागावेल तो हरला.

सोलवेझीच्या खाणीवरचा दवाखाना नोकरीबद्दल थोकोझिलेच्या उत्तराची सोमवारपर्यंत वाट पाहणार होता.

दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही.

पुढे थोकोझिले होती, मागे कासोंदे. गेल्या वर्षी अशाच एका सहलीत, सहल नेणाऱ्या लुबासीने काठावर सगळ्यांच्या जोड्या लावल्या आणि हे दोघे अनोळखी तेवढे उरले. ती न्गोनी आहे असं कळल्याबरोबर बेम्बा कासोंदे म्हणाला होता, की मग ही माझीच बायको, हिच्या आजोबाने लढाई हरून दिलेली. सगळे हसले. तीही हसली. पुढे प्रत्येक सहलीत, तंबूच्या खुंट्या ठोकताना, शेंगदाणे भाजताना, तेच... बायको. न्गोनी उंदीर खातात म्हणून उंदीरखाऊ बायको.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण तिचे ओले बूट शेकोटीजवळ कोण ठेवायचं? कापेंटा मासळी वाढताना तिच्या ताटात जास्त कशी यायची? हे चेष्टेत बसत होतं की नव्हतं? थोकोझिलेला काही उमगेना. आणि हे कळल्याशिवाय ती सोलवेझीला हो म्हणणार कशी — किंवा नाही तरी?

काल तंबू उभारताना तिच्या मैत्रिणीने, इनोंगेने, तोडगा काढला. सोयऱ्याला राग येत नाही ना? मग आणून बघ. आला, तर तो निव्वळ सोयरा उरला नाही.

म्हणून सकाळपासून थोकोझिले सुटली होती. तुम्ही बेम्बा माकडं खाता. तुझं वल्हवणं म्हणजे म्हातारीचं पीठ ढवळणं. तुझ्या नाकावर वाळत घातलेले कपडे मावतील. मागे कासोंदे इतका हसला, की कयाक डुलायला लागली.

"आज धार आहे जिभेला, बायको. उंदीर ताजा होता वाटतं."

ती वैतागली. लव्हाळ्यांवरून वारा आला, वल्ह्यावरचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं, आणि जे जपून सांगायचं होतं तेच चेष्टेच्या सुरात निसटलं.

"मी सोलवेझीला चाललेय. कायमची. तिथे माकडखाऊ कमी आहेत म्हणे."

मागचं वल्हं थांबलं.

कयाक हळूच आडवी झाली आणि प्रवाहाबरोबर वाहू लागली. लुबासी आणि इनोंगेची कयाक वळणापलीकडे गेली.

"कासोंदे?"

"कधी ठरवलंस?"

"अजून... सोमवारी सांगायचंय. तू रागावलास?"

"हो."

तिला आनंद झाला, आणि लगेच आनंद झाल्याची लाजही वाटली. "सोयऱ्याने रागवायचं नसतं."

"मग मी हरलो, असं समज."

"वर्षभर चार लोकांत बायको म्हणतोस. त्यातलं खरं कुठलं, मला कसं कळावं?"

त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाला, "पहिल्यांदा म्हणालो तेव्हा खोटं होतं. पुढे कधी खरं झालं... माझ्याही लक्षात आलं नाही. आता खरं बोलायला गेलो तरी लोक हसतात. तूसुद्धा हसतेस."

"आता नाही हसत."

"मला तुझी पाठ दिसतेय फक्त."

मागे वळलं तर कयाक उलटेल, म्हणून तिने हात तेवढा मागे केला. ओल्या, गार बोटांनी तो घट्ट धरला गेला.

"सोलवेझीला जायचं तर जा," तो म्हणाला. "मी दहा तास बसमध्ये बसून येईन. पण मला विचारून जा."

जावं की राहावं, हे तिला आता सकाळपेक्षाही कमी कळत होतं. फक्त त्या न कळण्याचं काही वाटेनासं झालं होतं.

गेल्या वर्षी, त्या पहिल्या सहलीत, कासोंदे नुसता तंबू राखायला आला होता. त्याला पोहता येत नव्हतं, तरी जोडी लागताच तो तिच्या मागे येऊन बसला होता.