दहा मिनिटांत आठवडा

शनिवारी सकाळी पुण्याच्या सरकारी सहवास केंद्रात डोक्याला टोपी लावून दहा मिनिटं बसलं, की भूषण गुरवला रत्नागिरीतल्या लेकीचा अख्खा आठवडा मिळत असे. पाच वर्षांची शाल्मली सायकल शिकली, कैऱ्या खाऊन तिचा घसा बसला, सगळं त्याला आठवे आणि स्वारी खुशीत घरी परते.

विभक्त आईबाप मुलांना भेटायच्या रविवारांवरून कोर्टात हमरीतुमरीवर येत, म्हणून सरकारने ही 'स्मृतिपूर्ती' आणली होती. आठवण म्हणजे मेंदूतल्या पेशींनी आपसांत बांधलेल्या गाठी. मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्या मेंदूतल्या, मुलापुरत्याच गाठी वाचायच्या आणि दुसऱ्याच्या मेंदूत तशाच बांधायच्या. भूषणच्या पूर्वीच्या बायकोने, वृंदाने, आढेवेढे न घेता संमती दिली होती.

आधी तो महिन्यातून दोनदा रत्नागिरी गाठायचा. मग एकदा. मग कधी घाट बंद, कधी मीटिंग, आणि पुढे फोन करायचेही राहून गेले. आयतं ताट समोर येत असताना चूल कोण पेटवतो? दीड वर्ष असं गेलं, तरी आपण लेकीपासून लांब आहोत असं त्याला एकदाही वाटलं नाही. उलट इतका सुखी बाप पुण्यात दुसरा नसेल, असंच तो सांगत फिरे.

मे महिन्यात वृंदा कामासाठी पुण्यात आली आणि शाल्मलीला दोन दिवस त्याच्याकडे ठेवायला केंद्रात घेऊन आली. भूषण धावतच पुढे गेला.

"शालू, तुझ्या आवडीच्या गूळपापडीच्या वड्या!"

शाल्मलीने आईचा पदर घट्ट धरला आणि एक वडी उचलली. "थँक्यू, काका."

"अगं, बाबा ना तो!" वृंदा ओशाळून म्हणाली.

भूषणच्या काळजात चर्र झालं. तो तडक केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. फरीदा मुकादम यांच्या खोलीत शिरला.

"मॅडम, माझ्या आठवणी तिला द्या. आजच्या आज."

"कोणती देऊ?"

"सायकलची! मी मागून सीट धरली होती. हळूच सोडली, तर पोरगी पार नळापर्यंत गेली एकटी!" सांगतानाही त्याचा चेहरा फुलला.

"डोळे मिटा," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "सीटवरचे हात बघा जरा."

त्याने डोळे मिटले. हातांत वृंदाच्या बांगड्या होत्या.

"दीड वर्षातली हवी ती काढा, सगळीकडे हेच दिसेल," डॉक्टर म्हणाल्या. "मी देईन हो. पण तिला तिची आईच दोनदा आठवेल."