किरमिजी रंगाखाली

अनुया दुपारी बारा वाजता बुकित तिमाहच्या शेडवर पोचली, ती नवऱ्याचा जेवणाचा डबा आणि हत्यारं न्यायला. तन्मय आठ तारखेला याच दारातून आत गेला होता. कॅमेऱ्यात जाताना दिसतो, बाहेर येताना नाही. आज सोळा तारीख होती. पोलिसांनी शेडचा कोपरान् कोपरा धुंडाळला होता.

आत विलायतेहून आणलेला रेल्वेचा एकच जुना डबा उभा होता. कुण्या हौशी मालकाला त्याचं रेस्टॉरंट करायचं होतं, आणि मूळ रंग शोधायचं काम तन्मयकडे होतं. तिकडे सरकार आणि कंपनी बदलली की डब्याला नवा रंग, जुन्याच्या उरावर. तन्मय ब्लेडनं नाण्याएवढी खिडकी खरवडायचा. वर निळा, त्याखाली गर्द हिरवा, मग किरमिजी, तळाशी चकचकीत मोरपंखी. उघडलेल्या थरावर तो पेन्सिलनं 'त' आणि तारीख घालायचा. जो उघडेल त्यानं सही करायची, हा त्याचा नियम होता.

"वहिनी, उद्या नऊला सँडिंगवाले येतायत," दारातून प्रबोध म्हणाला. मालकाचं काम तोच बघायचा. "पार लाकडापर्यंत घासणार आहेत. काय हवं ते आजच न्या."

तिनं दोन दिवस मागितले, अगदी पाया पडायच्या बेतात येऊन. त्यानं मान खाली घातली, मालक ऐकत नाही म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

जेवणाचा डबा पायरीशीच होता. तिनं भरलेली मेथीची भाजी निम्मी संपली होती, आणि उरलेली आठ दिवसांनंतरही हिरवीगार होती. ओल्या रंगाचा वास मात्र नाकात शिरत होता, आणि शेडमध्ये रंगाचा डबा कुठंच उघडा नव्हता.

दाराशेजारी तन्मयची शेवटची खिडकी होती. हिरव्या थरावर 'त, ८'. त्या 'त'वर बोट फिरवताना ती हुंदके देऊन रडली. मग हातात त्याचं ब्लेड कधी आलं, तिचं तिलाच कळलं नाही. ती हिरवा खरवडू लागली.

खाली किरमिजी निघाला. त्यावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'त, ११'.

तो थर सत्तर वर्षं झाकलेला होता. तन्मय अकराला आत होता... म्हणजे जिवंत होता. तिच्या अंगात वारं शिरलं. वेड्यासारखी ती किरमिजी खरवडत सुटली, तांबडा भुगा तिच्या पायांवर पडत राहिला.

मोरपंखी दिसला. 'त, १६. अनू... खरवडू नकोस.'

ब्लेड हातातून गळलं. तिनं खाली पाहिलं. किरमिजीतला अकरा तारखेचा तन्मय तिनंच भुगा करून जमिनीवर सांडला होता. ओंजळीनं ती तो गोळा करू लागली, आणि तो बोटांना ओला लागला. आपणच त्याला खाली ढकलत आलो, आता उरलं ते लाकूड, आणि उद्या ते घासणार. "तन्मय, मी काय करू रे?" ती फळीला कपाळ टेकून म्हणाली.

पलीकडून अगदी हलकं खरवडल्यासारखं ऐकू आलं... मग थांबलं.

तिनं डोळे उघडले. त्याच्या ओळीखाली आणखी एक सही होती. मघाशी ती नव्हती, याची तिला शपथेवर खात्री होती.

'अ, १७.'

भीतीच्या आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, हेच भयंकर होतं.

प्रबोध परतला तेव्हा ती जेवणाचा डबा घट्ट लावून उभी होती. सँडिंग नक्की नऊलाच ना, तिनं शांतपणे विचारलं.

"हो, नऊला."

"मग मी आठला येते."

गेटबाहेर तिनं पर्स उघडली. सहीतल्या 'अ'ला मारलेली ती गाठ तिच्याच हस्ताक्षरातली होती, लहानपणापासूनची. पण पर्समधली एकुलती एक पेन्सिल नवी कोरी होती, तिला अजून टोकही काढलेलं नव्हतं.