एकशे चौसष्टावं घर

दत्तप्रसादांकडे एकशे त्रेसष्ट सुऱ्या होत्या आणि त्यांतल्या एकीनेही आजवर काहीच कापलं नव्हतं.

सगळ्यात मोठी अडीच इंचांची, सगळ्यात लहान हरभऱ्याच्या घाट्याएवढी. भातुकलीतली विळी होती, हस्तिदंती मुठीचा खंजीर होता, घड्याळाच्या साखळीला अडकवायची घडीची सुरी होती. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तपासनीस म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. हजारो सुटे भाग व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात धरून मोजले, पास केले, नापास केले. रविवारी जुन्या बाजारात फेरी. तिथे भंगारातून, गोधड्यांच्या ढिगाखालून, बंद पडलेल्या घड्याळांच्या डब्यातून त्यांना लहान सुऱ्या सापडत.

सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, आठ खणांचं एक बुटकं सागवानी कपाट होतं. प्रत्येक खणात जाड हिरवं लोकरी फेल्ट आणि त्यात प्रत्येक सुरीच्या नेमक्या आकाराचं कोरलेलं घर. पद्धत ठरलेली होती: आधी घर, मग सुरी. सुरी मनात भरली की ते दुकानातच तिची मापं घेत, घरी येऊन फेल्ट कोरत आणि मग ती आणायला जात. तोवर विकणाऱ्याचं मन बदलायचं, दुसरं गिऱ्हाईक यायचं, एकदा तर दुकानच जळलं. तरी सुरी आली. अडतीस वर्षांत एकही घर रिकामं राहिलं नव्हतं.

"घर केलं की येतेच," ते म्हणत.

"नवऱ्यासाठी पण एक खण करायला हवा होता," त्यांच्या पत्नी प्रेमला म्हणायच्या. "निदान कुठे आहे ते तरी कळलं असतं."

प्रेमला गेल्या त्याला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दत्तप्रसादांचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजायचा. सही ओळखू येईना म्हणून बँकेने दोनदा चेक परत केला. घरं कोरणं थांबलं. एकशे त्रेसष्टावं घर शेवटचं.

जूनमध्ये त्यांची मुलगी तनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. जावई रविराज धायरीहून रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला विमलाबाई यायच्या. तनुजालाही तान्ही असताना त्यांनीच न्हाऊ घातलं होतं.

पहिल्याच दिवशी बाळाला धुरी देता देता त्यांनी विचारलं, "उशाशी लोखंड ठेवलंय का?"

"मावशी, प्लीज. इन्फेक्शन होईल काहीतरी."

"तुझ्या उशाशी होतंच की. काय झालं तुला? चांगली धडधाकट कॉम्प्युटर बडवतीस."

दत्तप्रसादांना मनातून बरं वाटलं. संग्रहाचा कुणाला कधी उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी अठ्ठ्याऐंशी नंबरची सुरी आणली. टूलरूममधल्या गेनबाने जेवणाच्या सुट्टीत करवतीच्या तुटक्या पात्यातून घासून दिलेली, एकतीस मिलिमीटरची, साधी, सरळ.

विमलाबाईंनी ती तळहातावर उलटीपालटी केली. "हिनं काय काय कापलंय?"

"काही नाही. माझी एकही सुरी वापरलेली नाही."

"मग ही कशाला? सैपाकघरातली द्या. भाजी चिरलेली, हाताखालची. तिला घरची माणसं ठाऊक असतात."

"लोखंडच ठेवायचं ना?"

"लोखंड हाय हो. पण कोऱ्या सुरीला पहिलं काम हे देऊ नये, काका."

तनुजा हसली. तेही हसले. सुरी फडक्यात गुंडाळून, फडकं शिवून ती पाळण्यातल्या गादीखाली ठेवली. बारा दिवस ती तिथे होती. बारशाला बाळाचं नाव मुक्ताई ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवण उसवून सुरी परत तिच्या घरात ठेवली आणि खण लावून घेतला.

त्यानंतर चार दिवसांनी तनुजाने हाक मारली.

"बाबा, हिची नखं तुम्ही कापलीत?"

"मी?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं हवेत थरथरत होती. "या हातांनी?"

मुक्ताईच्या उजव्या हाताची पाचही नखं कापलेली होती. तान्ह्या बाळाचं नख म्हणजे कांद्याचा पापुद्रा. तरी प्रत्येक नख कडेपर्यंत, गोलाईत, कुठेही कातडीला न लागता कापलं होतं. चौतीस वर्षं वस्तू तपासलेल्या माणसाला ते काम पास करावंच लागलं असतं.

विमलाबाईंना विचारलं तर त्या उखडल्या. "सव्वा महिन्याच्या आत मी नखाला पातं लावीन होय? एवढी वर्षं काय गवत उपटत होते?"

दुपारी, पेठ झोपलेली असताना, दत्तप्रसादांनी कपाटाचा चौथा खण उघडला. अठ्ठ्याऐंशी नंबरची सुरी जागेवर होती. ती त्यांनी चिमट्याने उचलली. खाली फेल्टवर पाच पांढुरक्या चकत्या होत्या. चंद्रकोरीसारख्या. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, क्रमाने लावलेल्या.

तनुजाला त्यांनी काही सांगितलं नाही. चकत्या कागदाच्या पुडीत घालून पुडी पाकिटात ठेवली. मग टूलरूममध्ये करत तसं आठही खणांना कागदी पट्टी चिकटवून सील केलं. प्रत्येक पट्टीवर तारीख घातली, सही केली. सह्या वेड्यावाकड्या आल्या. त्याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं. अशी सही दुसऱ्या कुणाला जमली नसती.

तेव्हापासून त्यांना एका जागी बसवेना. पेपर वाचायला घेतला की पहिल्या बातमीतच ते उठत, आत जाऊन सीलं पाहत, पाळणा पाहून येत. मंडईत गेले तर अर्धी भाजी घेऊनच परतत. जिन्यात वरच्या मजल्यावरचे बद्रीनाथ भेटत. एकदा त्यांनी विचारलंच, "काय दत्तप्रसाद, गॅस चालू राहिलाय की काय?"

डाव्या हाताची नखं तीन दिवसांनी कापली गेली. सीलं शाबूत होती; चौथं फाडून पाहिलं तर सुरीखाली पुन्हा पाच चकत्या, त्याही पुडीत गेल्या आणि खणाला नवं सील लागलं.

तनुजाचं लक्ष आता पाळण्यावरच असायचं. पाळण्यापाशी कुणी गेलं की मान वर करून बघायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी ठरवलं, आज डोळा लावायचा नाही. तनुजा जेवून स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. त्यांनी लाकडी खुर्ची पाळण्याला लावली आणि मुक्ताईच्या चेहऱ्यावरून नजर हलू दिली नाही. पंखा चालू होता. खाली कुणीतरी स्कूटर स्टँडवर लावली. दोन वाजून गेले.

अडीचच्या सुमाराला आवाज आला. कोऱ्या कागदावरून नख ओढावं तसा. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा.

पाळण्यात काहीच हललं नव्हतं. मुक्ताई झोपलेली होती. पण डाव्या कानावरचं जावळ नव्हतं. एक सरळ, नीट पट्टा. खाली गुलाबी कातडी.

ते उठले, वाकले. जखम तर नाही ना, म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर बोटं टेकवली.

"बाबा."

तनुजा दारात उभी होती.

"काय करताय तुम्ही?"

"मी इथेच बसलो होतो. नजर हटवली नाही. आपोआप—"

"आपोआप."

"थांब. तुला दाखवतो." त्यांना खरंच वाटलं की दाखवलं की पटेल. ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. "ही सीलं बघ. ही सही बघ. एकसुद्धा फाटलेलं नाही. म्हणजे खण उघडलेला नाही. बरोबर?"

त्यांनी चौथ्या खणाची पट्टी फाडली आणि खण ओढला.

अठ्ठ्याऐंशी नंबरच्या सुरीखाली जावळ होतं. मऊ, तपकिरी. विंचरून सरळ केलेलं.

तनुजा खणावर वाकली. मग तिने दोन बोटांनी ते उचललं आणि मुठीत धरलं.

"माझे हात बघ, तनू. या हातांनी हे होईल का?"

"हातांचं मला सांगू नका, बाबा. हात थरथरतात म्हणून तर जास्त भीती वाटते."

संध्याकाळी रविराजने गाडी आणली. तनुजाने पाळणासुद्धा ठेवला नाही. जिन्यात थांबून, मागे न बघता ती म्हणाली, "त्या सुऱ्या या घरात आहेत तोवर मी हिला इथे आणणार नाही. तुम्हाला भेटायचं असेल तर धायरीला या. उचलून घ्यायचं नाही."

ते दोनदा धायरीला गेले. सोफ्यावर बसले, चहा प्यायले. मुक्ताई समोर सतरंजीवर होती. कप वाजू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

त्यांनी कपाट रिकामं करायला घेतलं. विमलाबाईंना विचारलं, ही एक सुरी तुम्ही नदीत टाकाल का? त्यांनी हात मागे घेतले. "तुम्ही कामाला लावली, तुम्हीच सोडवा." नाशिकच्या एका संग्राहकाला फोन केला. तो आनंदाने तयार झाला. खोकं आणलं, गवत आणलं. एकेक सुरी कागदात गुंडाळायला बसले. अकरा झाल्या. बाराव्या सुरीकडे, भातुकलीतल्या विळीकडे, ते नुसते बघत बसले. ही त्यांनी लग्नाच्या वर्षी आणली होती. अकराही सुऱ्या पुन्हा आपापल्या घरात गेल्या, खणांना नवी सीलं लागली. बद्रीनाथांना हाताशी घेऊन, कुणी विचारलं तर नाशिकला दिलं म्हणून सांगा असं बजावून, त्यांनी कपाट माळ्यावर चढवलं.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. तनुजा रविवारी व्हिडिओ कॉल करायची.

"नखं?" ते विचारत.

"वाढतात. मी कापते. का?"

"सहज."

एका रविवारी तिने विचारलं, "सुऱ्यांचं काय झालं?"

"दिल्या. नाशिकला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

पडद्यावर तिने मान हलवली. मग ती म्हणाली, "थँक्यू, बाबा. सोपं नसणार ते."

खंडेनवमीला ते सकाळी मंडईत जाऊन झेंडू घेऊन आले. अडतीस वर्षं या दिवशी ते सगळे खण उघडून सुऱ्यांना हळद-कुंकू लावत आले होते. आज हत्यारांना सुट्टी. आज ती कामाला लावायची नसतात, उद्या दसऱ्याला पुन्हा हातात घ्यायची. एवढी शेवटची पूजा, मग खरंच नाशिक, असं त्यांनी स्वतःला बजावलं. बद्रीनाथांनी कपाट खाली घ्यायला मदत केली आणि "नाशिक जवळच आलं म्हणायचं" एवढंच बोलून ते गेले.

पहिला खण. दुसरा. तिसरा. चौथा. सीलं शाबूत. सुऱ्या जागेवर. अठ्ठ्याऐंशी नंबरखाली काही नव्हतं. त्यांचा श्वास मोकळा झाला. खण एकामागून एक उघडे ठेवत त्यांनी फुलं वाहिली.

आठव्या खणात एकशे त्रेसष्टाव्या सुरीशेजारी एक घर होतं.

ते त्यांनी केलेलं नव्हतं. कडा ताज्या होत्या. फेल्टचा एकही धागा निघालेला नव्हता. एक टोक गोल, दुसरं सपाट. मधे किंचित बाक. तळाशी दोन ठिकाणी हलकासा उंचवटा, जिथे काहीतरी दुमडतं तिथे सोडतात तसा.

त्यांनी व्हर्नियर काढला. लांबी चोवीस मिलिमीटर. रुंदी सहा पूर्णांक चार.

अशा मापाची सुरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. तो आकार सुरीचा नव्हताच.

सवयीने त्यांनी रुंदीच्या मापावर व्हर्नियरचा स्क्रू आवळला, माप हलू नये म्हणून.

बेल वाजली.

त्यांनी खण ढकलले, खोलीचं दार ओढलं. व्हर्नियर सदऱ्याच्या खिशात राहिला.

"सरप्राइज!" दारात तनुजा होती, कडेवर मुक्ताई. मागे रविराज, हातात बॅगा. "म्हटलं आज खंडेनवमी. सुऱ्या नाहीत तर तुम्हाला करमायचं नाही. उद्याचा दसरा करूनच जाणार आहोत."

ते काही बोलायच्या आत तिने बाळ त्यांच्या हातात दिलं. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच.

"घ्या. आणि रडू नका हं. रविराज, तुम्ही चहा टाका, बाबांचा चहा म्हणजे गरम पाणी."

आता सांगायला हवं होतं. आताच, चपला काढायच्या आत, परत जा म्हणून. त्यांनी तोंड उघडलं.

"काय, बाबा?" तनुजा हसत होती. किती महिन्यांनी हसत होती.

"काही नाही," ते म्हणाले.

ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मुक्ताई चार महिन्यांची झाली होती. दिसेल ते धरत होती. तिने आधी चष्म्याला हात घातला, मग खिशातल्या चकचकीत व्हर्नियरला. त्यांनी तो घाईने काढून दूर धरला. तिने हात लांब केला आणि तिची करंगळी दोन जबड्यांच्या मधे गेली.

ती खुदकन हसली.

टूलरूममध्ये भाग मापात बसला की नाही हे बघायला तो उजेडासमोर धरायचा असतो; फटीतून उजेड दिसला नाही की माप तंतोतंत. खिडकीतून ऊन येत होतं.

त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. फटीतून कुठूनही उजेड येत नव्हता.